पुंजाकाकाचं फडकं

अठ्ठावन्न साल. मी बावीस वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण मान कोणापुढं वाकत नव्हती, अन् अजूनही वाकत नाही.

शेजारी पुंजाकाका. एकटा माणूस. खांद्यावर कायम एक पांढरं फडकं. कोणी पाणी दिलं की ते लोट्यावर चारपदरी पसरायचं, पाणी गाळायचं, मगच प्यायचं. पाव्हण्याच्या घरी असो की महागावच्या बाजारात. म्हणायचा, "फुकटचा किडा आपल्याले नाही पायजे."

किडा म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून पोटात जायचा अन् सालभरानं दोऱ्यासारखा पायातून निघायचा. माणूस ऐन पेरणीत खाटेवर. दवाखान्याचा माणूस सांगून गेला होता, पाणी गाळा. वस्तीनं ऐकलं अन् विसरली.

मग पाटलाच्या खळ्यावर गंमत झाली. आम्ही धम्म घेऊन दोन वर्षं झालती, पण पाटील पाणी अजून वरूनच ओतायचे. आम्ही खाली ओंजळ धरायची. त्या दुपारी काकानं ओंजळ धरलीच नाही. आपला लोटा पुढं केला, वर फडकं पसरलं. "ओता."

पाटील थबकले. "पुंजा, आमचं पाणी गाळून पेतो काय रे तू?"

"नारू वाडा पाहून शिरत नाही, पाटील. तुमच्या पायाची पट्टी काय म्हनते?"

सारं खळं हसलं. पाटलांनी गुमान ओतलं. त्या दिवसापासून आमच्या वस्तीत घरोघरी घागरीवर फडकं चढलं. पुढं पाटलांच्या रांजणावरही दिसलं. पाटील आमचं पाहून शिकले, हे मी आजही छाती काढून सांगतो.

फक्त मी गाळत नव्हतो. समदे करतात म्हणून करायचं, हे आपल्याला जमत नाही. बायको सखू पोटुशी होती. ती गाळायला बसली की मी म्हणायचो, "पाण्याले लुगडं कायले नेसवून राह्यली?"

एका संध्याकाळी काका दारात येऊन बसला. मग म्हणाला, "तुही काकूबी गाळत होती. मी असाच हासत होतो. मंग तिनं सोडून देल्लं. नारू निघाला, पाय सडला, अन् गेली. पोटुशी होती."

काकानं खांद्यावरचं फडकं नीट केलं.

"तुले शिकवून नाही राह्यलो, बाबू. सखूले हासू नको, बस."

उठला अन् अंधारात आपल्या घराकडं गेला. तिथं दिवा लावणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखूच्या आधी मीच घागर घेऊन विहिरीवर गेलो. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी सगळ्यांदेखत पायरीवर बसलो अन् पाणी गाळलं.