अहिरेबाई आणि त्यांची माणसं

"अगं, दिवा लाव आधी. अंधारात मला ऐकू येत नाही."

अहिरेबाईंच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसावं की काय करावं, मला कळेना. मग लक्षात आलं. बाई ठार बहिऱ्या. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घेतात. लाइट गेली की त्यांच्यापुरतं सगळं जग गप्प.

आमची बिल्डिंग द्वारका चौकाजवळ. दिवसभर ट्रक आणि हॉर्न. आम्ही खिडक्या गच्च लावून घेतो, आणि दुसऱ्या मजल्यावर बाई सगळं सताड उघडं टाकून मजेत वाटाणे सोलतात. ऐन तिशीत कसलासा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. स्वतःचा आवाजही त्यांना कळत नाही, त्यामुळे त्यांची कुजबुज पार्किंगपर्यंत पोचते. आमचे सेक्रेटरी कापडणीस केसांना कलप लावतात, हे बाईंनी फक्त माझ्या कानात सांगितलं होतं. त्या दिवसापासून कापडणीस टोपी घालून फिरतात.

बाईंच्या हॉलमध्ये एकाही देवाचा फोटो नाही. मासिकांतून कापून फ्रेम केलेली जुनी माणसं आहेत, सगळी बहिरी. आल्यागेल्याला बाई त्यांची ओळख करून देतात, लग्नात पाहुण्यांची करून द्यावी तशी.

"हा आमच्यातला, रशियाचा. लहानपणीच कान गेले, शाळा सुटली. पण माणूस अवकाशात कसा जाईल, त्याचं गणित मांडून बसला. ही अमेरिकेची. आमच्यातलीच. हिनं लाखो ताऱ्यांची वर्गवारी लावली. आणि हा स्पेनचा चित्रकार. बहिरा झाल्यावर स्वतःच्या घराच्या भिंतींवर काळी भुतावळ रंगवली मेल्यानं. याला मी चहा विचारत नाही."

"बाकीच्यांना विचारता?" मी म्हणाले.

"विचारावं लागतं," बाई अगदी सहज म्हणाल्या.

त्यांचा सगळ्यांत लाडका म्हणजे विस्कटलेल्या केसांचा जर्मन संगीतकार. त्याच्या फोटोखाली खुर्ची असते. तिच्यात बसायचं नाही. संध्याकाळी बाई त्या खुर्चीसमोर स्टुलावर बसतात आणि बोलतात. आवाज नाही, नुसते ओठ हलतात. मध्येच थांबतात, फोटोच्या तोंडाकडे टक लावून बघतात आणि मान हलवतात. एकदा दार लोटून मी आत गेले आणि ते बघून तशीच मागे फिरले. त्यांनी उत्तर ऐकल्यासारखी मान हलवली होती.

या हिवाळ्यात बिल्डिंग खरंच घाबरली. दिवेलागणीला बाई गॅलरीत येऊन "ओ, आले!" म्हणून ओरडायच्या. मग दोरीला बांधलेली कापडी पिशवी हळूहळू खाली यायची, पार्किंगमध्ये जराशी थांबायची आणि पुन्हा वर जायची. खाली कोणी नसायचं.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, पिशवी रिकामी असती. पन वर जाताना जड वाटती. म्या जवळून पाह्यलंय."

शेवटी तक्रार आली आणि कापडणीस मला सोबत घेऊन वर गेले. एकट्यानं जायची त्यांची तयारी नव्हती. बाईंनी चहा दिला. कापडणीस घाईघाईत नेमके त्या खुर्चीत बसले, आणि बाईंचा चेहरा बघून झटक्यासरशी उठले.

"बाई, लोक घाबरतात हो. तुम्हाला हाक मारतं तरी कोण?"

बाई त्यांचे ओठ बघत होत्या. अचानक त्यांची नजर आमच्यामागे गेली. बाहेर अंधारून आलं होतं.

"ओ, आले!"

त्या गॅलरीत गेल्या. दोरी सोडली. मीही वाकून बघितलं. पिशवी खाली टेकली आणि वारा नसताना जराशी फिरली. मी मागे बघितलं तर कापडणीस निघून गेले होते. चहा तसाच होता आणि टोपीही राहिली होती.

पिशवी वर आली. बाई तिची घडी घालत बसल्या. त्यांना माझे ओठ दिसावेत म्हणून मी समोर बसले आणि विचारलं, "कोण आहे खाली?"

"आमचे हे ओझरच्या कारखान्यात होते. ड्यूटीवरून येताना भाजी आणायचे. खालून हाक मारायचे, मालू! मी पिशवी सोडायचे. माझे कान गेले तरी यांनी हाक सोडली नाही. आणि खरं सांगू? मला यायची ती ऐकू. आतून. हे गेल्यावरसुद्धा रोज यायची. तेव्हा मीही आतूनच ओ द्यायचे."

त्या पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात बोलत होत्या. मी म्हणाले, "मग आज आली तशीच..."

"नाही ना." त्यांनी जर्मनाच्या फोटोकडे बघितलं. "याचे कान गेले, पण आतलं गाणं चालू राहिलं. त्याच्यावर केवढं संगीत लिहिलं! एका कार्यक्रमाच्या शेवटी टाळ्या वाजत होत्या तर हा पाठ करून उभा. गाणाऱ्या बाईनं धरून वळवला, तेव्हा याला दिसल्या. मी त्याला रोज विचारते, बाबा रे, तुझं आतलं कधी बंद पडलं का? माझं दिवाळीपासून बंद आहे. हाक येतच नाही."

मी विचारलं, "मग ओ कुणाला देता?"

बाई पिशवीवरून हात फिरवत राहिल्या.

"हे मारत असतील गं हाक. त्यांना वाटायला नको, मालू खरंच बहिरी झाली."