‘सध्याची अडचण’ हा रकाना

मॉरिसव्हिलच्या आठल्येकाकांनी मला पहिल्या भेटीत नाव विचारलं ते सगळ्यात शेवटी. त्याआधी रक्तगट, वडील कशाने गेले आणि मूल का नाही, एवढं विचारून झालं होतं. तेही गॅस स्टेशनवर, मी गाडीत पेट्रोल भरत असताना.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या भागात मराठी घरं जेमतेम वीस, आणि त्या सगळ्यांची माहिती काका एका वहीत टिपून ठेवत. कुणी कुरकुरलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "आपल्याच माणसांपासून काय लपवायचं?" आपली माणसं कोण, याचाही त्यांना फारसा विधिनिषेध नव्हता. शेजारच्या अमेरिकन बाईंना त्यांनी कुंपणावरून मूळव्याधीवर सुरणाची भाजी सुचवली होती. बाईंचा नवरा दुकानात मलम घेताना काकांना दिसला होता. त्या बाई तेव्हापासून पडदे लावून घेत.

त्या वर्षी गणपतीत काकांनी वहीच्या झेरॉक्स काढून घरटी एक प्रत वाटली. आरतीनंतर लोक प्रसाद विसरून तीच वाचत बसले. फोन नंबर, रक्तगट, इथपर्यंत ठीक होतं. पुढे एक रकाना होता, ‘सध्याची अडचण’. त्यात माझ्या नावासमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : नोकरी गेली. रोज लायब्ररीत बसतात. डबा गाडीत खातात.

नोकरी जाऊन सात आठवडे झाले होते आणि बायकोला, शुभाला, मी ते सांगितलं नव्हतं. रोज सकाळी टाय लावून, तिने भरलेला डबा घेऊन घराबाहेर पडत होतो. वर पाहिलं तर शुभाच्या हातातही तेच पान.

"सात आठवडे गार डबा खात होतास?" एवढंच ती म्हणाली. मग दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी भांडायला गेलो. या देशात खासगी म्हणून काही असतं, तुम्हाला कोर्टात खेचतो, असं तोंडाला येईल ते बोललो. काकांनी ऐकून घेतलं. शुभाला ठाऊक नाही हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. चुकलं म्हणाले. मग काकूंचा विषय काढला.

काकू कॅन्सरने गेल्या हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"आपल्याकडे डॉक्टर आधी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगतात. इथल्या डॉक्टरांनी फक्त हिलाच सांगितलं. मला त्रास नको म्हणून हिने आठ महिने लपवलं. संशय येऊन मी दवाखान्यात फोन केला, तर म्हणे पेशंटची परमिशन नाही. एकाच घरात राहत होतो हो आम्ही."

मी टेबलावरची वही उगाच चाळली. ‘काही झालं तर कुणाला कळवायचं’ हा रकाना प्रत्येकाच्या नावासमोर भरलेला होता. फक्त काकांच्या नावासमोर रिकामा होता. कारण विचारलं.

"ते कुणाला विचारायला जमलं नाही," काका म्हणाले.

मी पेन घेतलं आणि तिथे माझं आणि शुभाचं नाव लिहिलं. शुभाला न विचारता.