बॉनेट कोणत्या खात्याचं?

सकाळी आठ वाजून पस्तीस मिनिटांनी लालबागच्या आमच्या चाळीसमोर उभ्या असलेल्या राजारामच्या टॅक्सीतून जळका वास येत असल्याचं चाळ कमिटीच्या निदर्शनास आलं. मी अप्पा, कमिटीचा सेक्रेटरी. एकवीस वर्षं मिलच्या टाइम ऑफिसात कारकुनी केल्यामुळे काहीही घडलं की आधी वेळ लिहायची मला सवय आहे. घडलेलं नंतरही बघता येतं.

संपाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. संप मिटल्याचं आम्हाला कोणी लेखी कळवलं नव्हतं. त्यामुळे गेटला टाळं असलं तरी कागदोपत्री आम्ही सगळे आपापल्या खात्यात हजर होतो. राजाराम रिंग खात्यातला, सूत कातणारा. बायकोच्या, सुंदराबाईच्या, पाटल्या मोडून त्याने जुनी पद्मिनी टॅक्सी घेतली होती, आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता आरटीओत तिचं पासिंग होतं. पासिंग हुकलं की टॅक्सी बंद, आणि टॅक्सी बंद तर चूल बंद. सुंदराबाईकडे मोडायला आणखी काही उरलं नव्हतं.

मग त्याने सरळ बॉनेट उघडून का बघितलं नाही, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण मिलमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की दुसऱ्याच्या खात्यातल्या मशीनला हात लावायचा नाही. राजारामच्या जातीच्या लोकांना तर साचे खात्याचा, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचा, उंबरासुद्धा ओलांडू देत नसत. का, ते कुठल्याच रजिस्टरात नाही. मी सगळी रजिस्टरं बघितली आहेत. तेव्हा त्याने बॉनेटला हात घातला आणि मी आपला सवयीने बोललो, "राजाराम, इंजिन तुझ्या खात्यात येतं का?"

बिचाऱ्याने सवयीनेच हात मागे घेतला.

रीतसर मीटिंग भरली. साचे खात्याच्या जगदीशने डोळे मिटून वास घेतला आणि पट्टा घासतोय म्हणाला. रंग खात्याच्या भिवाच्या मते रंग उकळत होता. दोघांची मतं लिहून घेतली, कारण दोघंही आपापल्या खात्यापुरते बरोबर होते. शेवटी इंजिन म्हणजे बॉयलर, असं सर्वानुमते ठरलं. बॉयलर खात्याचे नाना संपापासून कणकवलीकडे गावी भात लावतात. त्यांना नऊ चाळीसला तार केली, 'वास येतो, ताबडतोब या.' तोवर राजारामने इंजिन चालू ठेवावं, म्हणजे नानांना वास ताजा मिळेल.

दहा वाजता वरळी कोळीवाड्याची शेवंता मासळीची पाटी घेऊन आली. गाडीजवळ थांबली, नाक वर केलं.

"अप्पा, कापूस जलतंय," ती म्हणाली.

मी शांतपणे तिचं खातं विचारलं.

"मावऱ्याचं," ती म्हणाली. पाटी खाली ठेवली, बॉनेट उघडलं आणि कोयत्याच्या टोकाने सायलेन्सरच्या गरम नळीमागून एक धुमसता बोळा बाहेर काढला. तेलात भिजलेलं सूत. मिलमध्ये मशीन पुसून झालं की बोळा तिथेच बगलेत खोचून ठेवायचा, म्हणजे उद्या शोधावा लागत नाही. राजारामने सकाळी इंजिन पुसून तेच केलं होतं. आता चाळीस नाकांना ते कळलं कसं नाही? खरं सांगू? सकाळपासून आम्हा सगळ्यांना उगाचच बरं वाटत होतं. तीन वर्षांनी मिल चालू झाल्यासारखं वाटत होतं. जळकं तेल आणि सूत हा आमच्या दृष्टीने वास नव्हताच, ती हवा होती.

प्रकरण तिथे संपायचं. पण जगदीशने हरकत घेतली. नानांची तार यायच्या आत, खातं नसलेल्या बाईने पुरावा जागेवरून हलवला होता. हरकत नियमाला धरून होती, मी काय करणार? पंचनाम्यापुरता बोळा पूर्ववत जागेवर ठेवावा, असा ठराव झाला. ठेवला.

"अप्पा, दोन वाजता पासिंग आहे," राजाराम हळूच म्हणाला.

"म्हणून तर भराभर सह्या घेतोय," मी म्हणालो.

तो मागे सरकला. तीन वर्षं ठराव पाळत आलेला माणूस, ठराव मोडायचा कसा ते त्याला ठाऊकच नव्हतं. शेवंता कपाळावर हात मारून जिन्यावर बसली.

तेविसाव्या सहीला बॉनेटमधून जाळ आला. जिन्याखाली वाळूच्या तांबड्या बादल्या होत्या, पण त्या आग खात्याच्या. शेवंताने पाटीतलं बर्फाचं पाणी, वर दोन सुरमयांसकट, इंजिनावर ओतलं. आग विझली. आतल्या सगळ्या वायरी मात्र जळून गेल्या होत्या. दोन वाजता टॅक्सी चाळीसमोरच उभी होती, आणि राजाराम आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी घड्याळाकडे बघितलं.

उरलेल्या सह्या संध्याकाळी झाल्या. अहवालात खोटं एक अक्षर नाही. 'जळका वास पूर्णपणे बंद झाला.' गाडीला आता मासळीचा वास येतो, त्यासाठी उपसमिती नेमली आहे. नानांचं उत्तर आलेलं नाही.

अहवाल वाचून दाखवला तेव्हा सुंदराबाई मोकळे हात पदराखाली घेऊन उभी होती. तिने एकच विचारलं, "शेवंतामावशी बोलली, तेव्हा इथं कोण कोण होतं?"

म्हणून यादी नीट तपासली. आम्ही चाळीस जण होतोच. पण तुम्हीही होतात. कापूस जळतोय हे तुम्हालाही दहा वाजताच कळलं, आणि आता पुढे काय गंमत होते ते बघत तुम्ही शेवटपर्यंत उभे राहिलात. एक्केचाळीस नंबरची ओळ रिकामी ठेवली आहे. पूर्ण नाव लिहा, खातं लिहा आणि सही करा.