कागदाची पाठ

२००२ च्या जून महिन्यात मी आमच्या वर्तमानपत्रात टाइपरायटरविषयी एक हळवा लेख लिहिला. त्यात एकच वाक्य बरे होते: टाइप केलेला कागद उलटा करून बोट फिरवले की पूर्णविराम हाताला लागतात, संगणकाच्या कागदाची पाठ मात्र गुळगुळीत, तिथे माणूस सापडत नाही. हा लेख मी शिरूरच्या डीटीपी सेंटरमध्ये बसून तोंडी सांगितला. मला टाइपिंग येत नाही.

तालुक्यातल्या एका कचेरीचे अव्वल कारकून हौसराव यांनी तो कापून नोटीस बोर्डावर लावला आणि खाली लिहिले, 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.' सोमवारपासून प्रत्येक अर्जाची पाठ चाचपली जाऊ लागली. ती गुळगुळीत लागली तर 'मजकूर आढळून आला नाही' असा शेरा पडे. पुढच्या बाजूला मजकूर स्पष्ट दिसत असे, पण पुढची बाजू तपासण्याची तरतूद नव्हती. हौसरावांच्या रजेत काम अडू नये म्हणून शिपायाचे बोट प्रभारी नेमण्यात आले.

वडगाव रासाईच्या प्रगतीचा डी.एड.ला नंबर लागला होता. जातीचा दाखला शनिवारपर्यंत दौंडच्या कॉलेजात दिला नाही तर जागा जाणार होती. तिचा अर्ज कारेगावात संगणकावर केलेला. त्यात मजकूर आढळून आला नाही. सोबत तिची आजी कुशाबाई होती. तिची हयात मेंढरांमागे गेलेली. तिने कागद दोन बोटांत चोळून पाहिला आणि हौसरावांना म्हणाली,

"सायेब, लोकर अशी चोळून घेत्यात. ह्यो कागद हाय. वाचा की."

हौसरावांनी नोटीस बोर्डाकडे बोट केले. दोघी लेखाखालचे नाव विचारत माझ्या घरी आल्या.

माझ्याकडे टाइपरायटर होता, काचेच्या कपाटात. तो बाहेर काढताना मी त्याच्या आवाजाविषयी थोडे बोललो.

"काका," प्रगती म्हणाली, "आज गुरुवार हाय."

फीत वाळून तिचे तुकडे पडले. कचेरीसमोर पंचवीस वर्षे टाइप करणाऱ्या पोपटरावांना बोलावले. त्यांनी स्वतःचे मशीन कधीच भंगारात देऊन संगणक घेतला होता. माझे यंत्र पाहून त्यांना गहिवरून वगैरे आले नाही. त्यांनी उपाय सांगितला: छापलेलाच अर्ज फितीशिवाय यंत्रात घालायचा आणि पूर्णविराम ठोकायचे.

"अर्जात चारच हायेत," ते म्हणाले. "हौसरावांस्नी चार पुरायचे न्हाईत. शंभरेक मारतो. मागनं काय वाचायचंय त्यांना?"

हौसरावांनी डोळे मिटून बोट फिरवले. "ह्याला म्हणत्यात मजकूर," ते म्हणाले आणि अर्ज दाखल करून घेतला.

दाखला शुक्रवारी संध्याकाळी मिळाला. कचेरीने तो संगणकावर छापला होता. शनिवारी दौंडच्या कॉलेजातल्या क्लार्कने तो उलटा केला, बोट फिरवले आणि परत दिला. लेख त्यांनाही आवडला होता.

प्रगती आता रांजणगावच्या एका कारखान्यात डब्यांना लेबले लावते. मी तिची अकरा ओळींची बातमी केली. संपादकांनी ती काढून ठेवली, कारण त्या जागेत वाचकांची टाइपरायटरविषयीची पत्रे लावायची होती. पत्रे मीच निवडली. तुमचे पत्र फार सुंदर होते. त्यातली एक ओळही कापली नाही.