सांता लिब्रादाच्या खिडकीत

वाल्दोर्काच्या भोवतालचा डोंगर मला जितका ठाऊक आहे, तितका तो तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक नसेल!

हे वाक्य मी माझ्या दुकानात वर्षानुवर्षं म्हणत आलोय. गावात न्हावी मी एकटाच. ऐकणाऱ्याच्या मानेवर माझा वस्तरा असतो, त्यामुळे आजवर कुणी मला खोडून काढलेलं नाही. आता ही सगळी माहिती मला खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकांकडूनच मिळालेली, हे खरं. पण माहिती ती माहिती! पायांनी मिळवली काय किंवा कानांनी मिळवली काय, फरक काय पडतो?

फरक पडतो. तोच सांगतो.

माझी बायको कासिल्दा गावातली खानावळ चालवते. खाली जेवणाची जागा, वर पाहुण्यांच्या खोल्या. नवा हमरस्ता पलीकडच्या खोऱ्यातून गेला आणि त्या खोल्यांत पाहुण्यांऐवजी कांदे वाळायला लागले. या शरद ऋतूपर्यंत पाहुणे आले नाहीत तर खानावळीला कुलूप लावून बुर्गोसला बहिणीच्या बेकरीत कामाला जाईन, असं ती म्हणाली होती. कासिल्दा म्हणते ते करते. लग्नही तिने असंच केलं, म्हणाली आणि केलं.

अशात बिल्बाओहून फोन आला. तिथल्या गिर्यारोहकांच्या क्लबाची माइते नावाची बाई आईला घेऊन येणार होती. गाव आवडलं तर सगळा क्लब ऑक्टोबरात आमच्याकडे मुक्कामाला! पाहुण्यांना फिरवायचं काम एरवी शाळामास्तरांचं, पण त्यांचा गुडघा सुजला होता.

"मी आहे ना!" मी म्हणालो.

कासिल्दाने कणीक तिंबणं थांबवलं. "इल्दे, तू शेवटचा डोंगर कधी चढलास?"

"डोंगर काय पळून जातोय?"

"डोंगर नाही जात. पाहुणे जातील."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि बेत जाहीर केला. सकाळी किल्ला, मग बंधाऱ्यावर नौकाविहार, दुपारी गिधाडं, शेवटी टेकडीवरचं सांता लिब्रादाचं चर्च, आणि खाली उतरलो की कासिल्दाच्या भट्टीतलं कोकराचं मटण. असा दिवस की राजाने बघावा!

पाहुण्या आल्या. माइते उंच, हसरी, गळ्यात कॅमेरा. तिची आई एदुर्ने म्हणजे सुकलेल्या मिरचीएवढी म्हातारी. मला तिची दयाच आली.

"बाई, थकलात की सांगा हं. मी हळू चालेन."

"सांगेन हो," म्हणाली, आणि चालायला लागली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला तिची फक्त पाठ दिसली!

किल्ल्याला मी जवळची वाट धरली. ती वाट थेट तेओदुलोच्या डुकरांच्या गोठ्यात निघाली. तेओदुलो म्हणजे आमच्या गावच्या ऑलिव्ह तेलाच्या घाण्याचा मालक. दारात उभा राहून तो म्हणाला, "इल्दे, किल्ला त्या बाजूला आहे. पण माझी डुकरं दाखवायची असतील तर ये, लाजू नकोस."

"हा आमचा ग्रामीण अनुभव," मी पाहुण्यांना सांगितलं. माइतेने डुकरांचे फोटो काढले. किल्ल्याला उशीर झाला, म्हणून तो खालूनच दाखवला.

बंधाऱ्यावर मी वल्ही हातात घेतली. होडी निघाली ती गोल! पुन्हा जोर लावला, पुन्हा गोल! भोवऱ्यालाही चक्कर यावी! काठावरची बदकं पोहायची थांबून बघायला लागली.

"अरे बाळा," एदुर्नेबाई मागून म्हणाल्या, "वल्ही दोन असतात. दुसरंही वापर की."

मग त्यांनीच ती घेतली आणि आम्ही सरळ पलीकडे पोचलो. साठीच्या उंबरठ्यावर मला बाळ म्हणणारी बाई भेटली, एवढाच त्यातला फायदा.

राहिली गिधाडं. आमच्या कड्यावर गिधाडांची वस्ती आहे, पंख पसरले की अंगणावर चादर धरल्यासारखी सावली पडते. आम्ही उन्हात बसलो. एक गिधाड येईल तर शपथ!

"ते बघा!" मी ओरडलो.

माइतेने कॅमेऱ्यातून बघितलं. "कावळा आहे."

"गिधाडाचं पिल्लू असेल."

"कावकाव करतंय."

माझ्या डोळ्यांसमोर कासिल्दा बॅग भरताना दिसायला लागली. आता सगळी भिस्त सांता लिब्रादावर! टेकडीच्या माथ्यावर एका खोलीएवढं जुनं चर्च, आत निळ्या झग्यातली संत लिब्रादाची लाकडी मूर्ती, वर एक घंटा. मी धापा टाकत पोचलो तेव्हा एदुर्नेबाई पायरीवर बसून बदाम फोडत होत्या. मोठ्या लोखंडी किल्लीने मी दार उघडलं, किल्ली तशीच कुलपात ठेवली आणि पाहुण्यांना अदबीने आत नेलं.

"या चर्चच्या भिंती," मी सुरुवात केली, "इतक्या भक्कम आहेत की..."

धाड्! वारा आला आणि दार मिटलं. बाहेरचा अडसर खाली पडला. मी ढकललं, खांदा लावला, लाथ मारली. भिंतींपेक्षा दार भक्कम निघालं.

फोनला रेंज नाही. माइते म्हणाली, "घंटा वाजवू या ना!"

आता आली पंचाईत. आमच्याकडे ही घंटा दोनच कारणांनी वाजते. भराभर वाजली तर डोंगराला आग लागली, सावकाश वाजली तर कुणीतरी गेलं. आगही नाही आणि कुणी गेलेलंही नाही, मग वाजवायची कशी? मी डोकं लढवलं. फार भराभर नाही, फार सावकाश नाही, अशी मधल्या गतीने वाजवली. म्हटलं, गावकरी शहाणे आहेत, समजून घेतील!

गावकऱ्यांनी समजून घेतलं. अर्ध्यांनी आग समजून बादल्या उचलल्या आणि अर्ध्यांनी काळे कपडे चढवले.

हे मला आतून कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ कुणी येईना, तेव्हा माझी नजर बाजूच्या खिडकीवर गेली. खिडकी कसली, भिंतीतलं भोकच ते, माणसाच्या उंचीवरचं.

"मी जाते," एदुर्नेबाई म्हणाल्या. "मी सहज मावेन."

"छे! मी असताना तुम्ही?" मी छाती पुढे काढली. ती जरा जास्तच पुढे काढली बहुतेक. बाकावर चढून मी डोकं बाहेर घातलं, खांदे घातले, हात बाहेर आले. मग पोट आलं.

पोट आलं आणि तिथेच राहिलं. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा मी बसलो. पुढे नाही, मागे नाही!

"ढकलू का?" माइतेने विचारलं.

"ढकला!"

दोघींनी ढकललं. मी आणखी घट्ट बसलो. तेवढ्यात डोक्यावरून सावली सरकली. वर बघतो तर काय, गिधाडं! दिवसभर तोंड न दाखवलेली ती सगळी जमात माझ्या डोक्यावर शांतपणे घिरट्या घालत होती.

"गिधाडं आली!" मी किंचाळलो.

"कुठे? कुठे?" आतून माइते. "खिडकीत तुम्ही आहात, आम्हाला काही दिसत नाही! किती आहेत?"

"पुष्कळ! आणि खाली येताहेत!"

"वा! चोच कशी आहे, बघा ना!"

चोच मला फारच नीट दिसत होती.

तेवढ्यात वाटेवर माणसं दिसली. पुढे बादल्यावाले, मागे काळ्या कपड्यांत बायका, मधे आमचे पाद्रीबाबा पवित्र पाण्याचं भांडं घेऊन, आणि त्यांच्यामागे आमच्या सरपंचबाई प्राक्सेदेस. म्हणजे झालं असं होतं की आग दिसेना, तेव्हा कोण गेलं म्हणून गावाने एकमेकांकडे बघितलं, तर सगळ्यांत मीच नव्हतो. लोक तसेच कासिल्दाकडे गेले. ती म्हणाली, "मेला? सकाळी तर अर्धा पाव आणि आख्खं सॉसेज खाऊन गेलाय!" तरी हातातली पळी तशीच घेऊन ती सगळ्यांना मागे टाकत धावत आली. मला बघून थांबली. तिचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं.

"कासिल्दा..."

"जिवंत आहेस होय?" तिने डोळे पुसले. "तिकडे माझं मटण जळतंय!"

मग तिने दाराशी जाऊन अडसर उचलला आणि पाहुण्या छान चालत बाहेर आल्या. सगळ्यांनी त्यांचं स्वागत केलं. मी खिडकीत होतो.

"तेल लावावं लागेल," सरपंचबाई म्हणाल्या. "तेओदुलो, तेल आण."

"आणतो. पण यंदाचं पहिल्या घाण्याचं आहे. ते याच्यावर?"

"गेल्या वर्षीचं आण मग!"

"गेल्या वर्षीचंही चांगलंच होतं हो."

"अरे माणूस अडकलाय!" मी ओरडलो.

"माणूस कुठे पळून जातोय?" तेओदुलो म्हणाला.

शेवटी दिव्यात घालायचं तेल माझ्या पोटाला चोपडलं. बादल्यावाल्यांनी बाहेरून हात धरले, काळ्या कपड्यांतल्या बायकांनी आत जाऊन पाय धरले. आता एकाच बाजूने ओढायचं ना? पण कोणत्या बाजूने, हे ठरलंच नव्हतं!

"ओढा!" दोन्हीकडून आवाज आला.

आजपर्यंत आमच्या गावात रस्सीखेच झाली नव्हती. ती त्या दिवशी झाली, आणि रस्सी मी होतो. पाद्रीबाबांना राहवेना, त्यांनी भांडंभर पवित्र पाणी माझ्यावर ओतलं. तेल आणि पाणी एकत्र आलं, "सर्रर्र" असा आवाज झाला आणि मी बादल्यावाल्यांच्या अंगावर जाऊन पडलो. माझी विजार आतल्या बायकांच्या हातात राहिली.

कुणीतरी हसलं. मग सगळा डोंगर हसला. शोकाला म्हणून आणलेल्या बडीशेपेच्या गोड वड्या शालींखालून बाहेर निघाल्या, वाइनचा बुधला निघाला, पोरं खाली जाऊन ॲकॉर्डियन घेऊन आली. कासिल्दाने मला आपल्या एप्रनमध्ये गुंडाळलं, आणि एदुर्नेबाईंनी पाद्रीबाबांना हाताला धरून नाचायला उभं केलं. त्यांना दम लागला. बाईंना नाही.

मटण एका बाजूने करपलं होतं. पाहुण्यांनी हाडंसुद्धा चोखली.

निघताना मी माइतेची माफी मागितली. "बाई, किल्ला राहिला, होडीचं तसं झालं..."

"माफी कसली?" ती म्हणाली. "पुढच्या वेळी आम्ही सगळे येतो!"

आणि खरंच, दुसऱ्याच आठवड्यात क्लबाने खानावळीच्या सगळ्या खोल्या धरल्या. जागा पुरेना म्हणून उरलेल्यांपैकी अर्धे पाहुणे सरपंचबाईंच्या घरी, अर्धे शाळेत उतरवायचं ठरलं. कांदे माळ्यावर गेले. कासिल्दा पुन्हा गाणं म्हणत कणीक तिंबायला लागली, आणि मी दुकानात नवं वाक्य सुरू केलं, "खानावळ वाचवली कुणी? मी!"

ते वाक्य दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी सरपंचबाई दुकानात आल्या. केस कापायला नव्हत्या आल्या.

"इल्देफोन्सो, क्लबाचा निरोप आलाय. किल्ला नको म्हणतात. होडीही नको."

"मग काय हवंय?"

"खिडकीतला माणूस."

मी कात्री खाली ठेवली. "बाई, मला काही अब्रू आहे! मी या गावातला प्रतिष्ठित माणूस आहे. पुन्हा त्या भोकात? ते सुद्धा लोकांसमोर? शक्य नाही!"

"तुझी मर्जी. तेओदुलो तयार आहे. पोट त्याचंही चांगलं आहे. आणि क्लबवाले त्या माणसाचा फोटो आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर छापणार आहेत."

तेओदुलो? त्याला साधं अडकता तरी येईल का? नुसतं पोट असून भागत नाही हो, त्याला एक ढब लागते!

मी विचार करायला वेळ मागितला. साधारण कात्री उचलण्याएवढा.

आता ऑक्टोबर तोंडावर आलाय. सरपंचबाई परवा टेप घेऊन आल्या, माझं पोट मोजलं आणि नाक मुरडलं. म्हणाल्या, काळजीने उतरला आहेस, असा सैल राहिलास तर सरळ बाहेर पडशील आणि गावाची बदनामी होईल. म्हणून सध्या कासिल्दा मला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन ताटं वाढते. नाही म्हणायची सोय नाही. शेवटी गावाचा प्रश्न आहे!