तीन गाठींचा ग्रंथ

मास्तरांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते त्यांच्या मुलीनं, म्हणजे त्यांच्या वकिलानंच, कागदावर लिहून दिलं होतं: 'मी ग्रंथावर हात न ठेवता, प्रतिज्ञेवर खरं सांगेन.' कायद्यात तशी सोय होती.

"बाबा, एवढंच म्हणायचं आणि गप्प राहायचं," कोर्टाच्या पायऱ्या चढताना तिनं चौथ्यांदा बजावलं. "समजावून सांगायला जाऊ नका. तो तुमचा वर्ग नाही."

"मी कशाला समजावतोय?" मास्तर म्हणाले. तिनं तिथंच सावध व्हायला हवं होतं.

प्रकरण तसं साधं होतं. शाळेत रोज सकाळी प्रार्थना होई. शास्त्र शिकवणारे मास्तर तेव्हा रांगेत उभे राहत, पण हात जोडत नसत. बावीस वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग संस्थेवर नवे चिटणीस आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना मास्तरांचे हात दिसले. 'हात जोडा, नाहीतर राजीनामा द्या', असं पत्र आलं. मास्तरांनी दोन्ही नाकारलं, तेव्हा संस्थेनं त्यांना घरी बसवलं. मुलीनं काळा कोट चढवल्यावर पहिला दावा बापाचाच लावला. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. नोकरीची दोनच वर्षं उरली होती. मास्तरांना भरपाई नको होती, माफीही नको होती. मरायच्या आधी एकदा पुन्हा फळ्यासमोर उभं राहायचं होतं, बस.

या सहा वर्षांत त्यांची खरी दोस्ती जमली ती कोर्टाच्या म्हाताऱ्या शिपायाशी. सगळे त्यांना काका म्हणत. काका पक्के भाविक, मास्तर पक्के नास्तिक. बाहेरच्या बाकावर देव आहे की नाही यावर दोघांचं कडाक्याचं भांडण होई आणि जेवणाच्या सुट्टीत काकांच्या डब्यावर ते मिटे. साक्षीदारापुढे ग्रंथ धरायचं काम काकांचं. जाड कापडात गुंडाळलेला, वर तीन गाठी मारलेला ग्रंथ. काकांच्या निवृत्तीला तीन महिने होते.

त्या दिवशी काकांनी ग्रंथ पुढे धरला आणि मास्तरांनी कागदावरचं वाक्य बिनचूक म्हटलं. तिथं थांबले असते तर काही झालंच नसतं. पण वर्गावर आयुष्य काढलेला माणूस. विधान केलं की कारण दिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"कारण न वाचलेल्या पुस्तकावर मी हात ठेवत नाही," ते म्हणाले.

मुलीनं डोळे मिटले. संस्थेचे वकील लगेच उठले.

"म्हणजे आत काय आहे हे माहीत नसतानाच यांचा विरोध आहे?"

"असं कुठं म्हटलं मी? दाखवा, वाचतो."

"आणि वाचून पटलं तर?"

"पटलं तर पटलं म्हणेन. मी हट्टी नाही."

मुलगी काही बोलणार, तोवर न्यायाधीशांनी चष्मा सारखा केला होता. "काका, सोडा ते."

काकांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. "साहेब, गाठी फार घट्ट बसल्यात. पुढच्या तारखेला सोडून आणतो."

"आत्ता सोडा."

काकांनी पहिल्या गाठीला इतका वेळ लावला की न्यायाधीशांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दुसरी कशीबशी सुटली. तिसरी मास्तरांनीच सोडवली, मदत म्हणून. संस्थेचे वकील बघायला पुढे सरसावले, पण न्यायाधीशांनी त्यांना हातानं थोपवलं. "लांबूनच. पवित्र वस्तू आहे." सगळे अदबीनं दोन पावलं मागं सरकले.

मास्तरांनी कापड बाजूला केलं. आत शास्त्राचं पाठ्यपुस्तक होतं. आठवी ते दहावी, एकत्र बांधणी. हेच त्यांनी बावीस वर्षं शिकवलं होतं. उघडलेल्या पानावर बेडकाच्या आकृतीला कुणा विद्यार्थ्यानं चष्मा काढला होता.

मास्तरांनी मान वर केली. काका पिंजऱ्याचा कठडा धरून उभे होते. "तीन महिने राहिलेत, मास्तर," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

एक शब्द तोंडातून गेला असता तर काकांची नोकरी गेली असती, कदाचित त्यांनाच याच पिंजऱ्यात उभं राहावं लागलं असतं. मास्तरांनी पुस्तक हळूच मिटलं.

"वाचलंत?" वकिलांनी विचारलं.

"वाचलेलंच आहे. बरंचसं पाठ आहे."

कोर्टात कुजबुज झाली. मुलीनं डोळे उघडले.

"यावर विश्वास आहे तुमचा?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे, ही त्यांची जुनी अडचण. "आहे. पान न पान तपासलंय मी."

"मुलांना हे शिकवावं असं वाटतं?"

"सक्तीनं शिकवावं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"आणि ज्याला हे पटत नाही तो?"

"त्याचा अभ्यास कमी पडतोय."

"मग ठेवता हात?"

मास्तरांनी हात ठेवला. त्या पुस्तकावर हात ठेवायला त्यांची खरोखरच हरकत नव्हती.

मुलीनं नंतर विचारस्वातंत्र्यावर अर्धा तास भाषण केलं, आणि फार चांगलं केलं. पण ज्याच्यासाठी करायचं तोच माणूस भर कोर्टात श्रद्धाळू निघाला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर न्यायाधीशांनी दावा फेटाळला. इतकी गाढ श्रद्धा असलेल्या माणसाला प्रार्थनेची अडचण होणं संभवत नाही, असं त्यांनी निकालात म्हटलं.

"का, बाबा?" बाहेर आल्यावर मुलीनं विचारलं.

"आत जे लिहिलं होतं ते मला खरंच पटतं गं."

"सहा वर्षं, बाबा. मला आधी एकदा सांगायचंत तरी." ती फाइल छातीशी धरून पायऱ्या उतरून गेली. मास्तरांना तिला हाक मारावीशी वाटली. पण ती वकील होती. खरं कळलं असतं तर तिला ते कोर्टापासून लपवता आलं नसतं. ते तिच्या पाठीकडे बघत राहिले आणि आपण त्या एका वाक्यावर का थांबलो नाही, याचा त्यांना मनापासून पस्तावा झाला.

काका बाकावर येऊन बसले. मांडीवर ते पुस्तक आणि सुटलेलं कापड होतं.

"खरा ग्रंथ कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"घरी. कपाटात. रोज माणसं त्याच्यावर हात ठेवून धडधडीत खोटं बोलायची, मास्तर. सख्खा भाऊ भावाविरुद्ध. मला बघवेना. बारा वर्षं झाली, एक दिवस गुपचूप घरी नेला. त्याच मापाचं हे रद्दीवाल्याकडं मिळालं."

"दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला?"

"शोधूनच घेतलं की. ज्यात देवाचं नावसुद्धा नाही असं. म्हटलं, याच्यावर कुणी खोटं बोललं तर कुणाला काही लागणार नाही."

मास्तरांनी कापडाकडे पाहिलं. मधोमध बारा वर्षांच्या तळव्यांचा काळपट डाग पडला होता.

"मला लागलं, काका," ते म्हणाले.

त्यांनी पुस्तक आपल्या मांडीवर घेतलं. चष्मेवाल्या बेडकाच्या पानाचा दुमडलेला कोपरा अंगठ्यानं सरळ केला. मग ते कापडात गुंडाळलं आणि एकेक करून तीन गाठी मारल्या. आतून पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला. काकांनी हात पुढे केले, पण मास्तरांना ते लगेच सोडवेना.