काबरीनं तोंड फिरवलं

या, असं दाराशी बसू नका, जरा पुढं सरका. टाळ-मृदंग नाहीत, पण गोष्ट कीर्तनातल्या दृष्टान्तासारखीच आहे. फरक एवढाच, की हिच्यात राजा नाही, एक कोंबडी आहे. नीट ऐकलीत तर उद्या जेवताना पहिला घास जरा सावकाश घ्याल, एवढं खात्रीनं सांगतो.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात केरूनानांचा जन्म कोळशाच्या धुळीत गेला. स्वतःची म्हणावी अशी मूठभर माती कधी नव्हती. निवृत्त झाल्यावर जवळच दोन खोल्या बांधल्या आणि मागं तीन खाटा मावतील एवढं अंगण उरलं. नाना त्याला 'शेत' म्हणायचे. मंगलाबाई 'खुराड्याची जागा' म्हणायच्या, कारण त्यांच्या सहा कोंबड्या तिथं नांदत होत्या. माळ नानांच्या गळ्यात आणि कोंबड्या मंगलाबाईंच्या पदरात, असा तो संसार होता.

एका कार्तिकात नानांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आले त्याच आठवड्यात सायखेड्याचे नाथाबुवा आपणहून भेटायला आले. डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि भाकरी जेवले आणि खाटेशेजारी बसून एकट्या नानांसाठी तासभर कीर्तन केलं. ज्या बुवांना ऐकायला नाना सायकलवर गावोगाव फिरले, ते बुवा त्यांच्या उशाशी. नानांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बुवा, वाचलो तर पुढच्या कार्तिकात माझ्या जमिनीत पिकलेलं वाढीन तुम्हाला."

बुवांनी मान हलवली. मंगलाबाईंनी अंगणाकडं पाहिलं. तिथं काबरी कोंबडी धुळीत लोळत होती.

पावसाळा लागला आणि खुराड्याच्या मागं दोन जाड पानं वर आली. आठवडाभरात वेल खुराड्यावर चढला. कोणी लावला नव्हता, कोणी पाणी घातलं नव्हतं. मंगलाबाई उपटायला वाकल्या तर नाना ओरडत आले.

"अगं थांब. बुवांच्या जेवणातल्या डांगराच्या बिया तू कुठं टाकल्या होत्या?"

"कोंबड्यांपुढं. दुसरीकडं कुठं टाकणार?"

"मग हा बुवांचा प्रसाद हे. देवानंच पेरला."

"देवानं नाय, काबरीनं उकरून पुरला," मंगलाबाई म्हणाल्या. पण हात मागं घेतला.

वेल नक्की कशाचा, यावर गल्लीत महिनाभर चर्चा झाली. समोरच्या मनोजनं मोबाइलवर फोटो काढला. मोबाइल पहिल्या दिवशी काकडी म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी टरबूज. भिंतीपलीकडच्या अंबूमावशी म्हणाल्या, "कसलाही असू दे, तुमच्या कोंबड्या आधी आवरा. माझ्या तुळशीपाशी रोज उकिरडा करून जातात." शेवटी नांदगावहून मंगलाबाईंचा भाऊ वाळू आला. त्यानं पान चोळून वास घेतला.

"डांगरच हे, दाजी. पण एक सांगू का? आपसूक उगवलेल्या वेलाचा भरवसा नाय. मागं ज्या शेतात पिकलं, तिथं शेजारी कडू वेल असला तर भुंगा घोटाळा करून ठेवतो. एकाच डांगरातल्या दोन बिया, एक गोड निघती, एक कडू जहर. कापल्यावर आधी जिभेला लावून बघा. कडू लागलं तर थुंकून द्या, पोटात जाऊ देऊ नका."

"नैवेद्याचं चाखायचं?" नानांनी कानाला हात लावले. "बुवांच्या आधी त्याला कुणाची जीभ लागणार नाय. तुझीबी नाय गं, मंगल."

तेव्हापासून अंगणाचं मंदिर झालं. नानांनी जुनी मच्छरदाणी फाडून वेलाभोवती बांधली आणि कोंबड्यांना हद्दपार केलं. वाळूनं शिकवल्याप्रमाणं पहाटे उठून नर फूल तोडायचे आणि हलक्या हातानं मादी फुलावर फिरवायचे.

"या वयात लग्नं लावताय होय?" मंगलाबाई चहा देताना म्हणायच्या.

"लाव म्हणाला तुझाच भाऊ."

इतकं करून एकच डांगर धरलं. बाकीची पिवळी पडून गळाली. त्या एकाखाली नानांनी गोधडी घातली आणि रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून मोबाइलवर कीर्तन लावलं. इकडं हद्दपार कोंबड्या भिंतीवरून अंबूमावशींकडं मुक्कामाला जात. मावशी पक्क्या माळकरी. सुरुवातीला दिवसातून दोनदा भिंतीवरून भांडल्या. मग गणपतीच्या सुमारास त्यांचा आवाज अचानक बंद झाला. नानांना वाटलं, कीर्तनाचा परिणाम.

आता आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी. अख्खं डांगर बाईमाणूस पहिल्यांदा चिरत नाही. पहिली चीर पुरुषानं द्यायची, मग बायका पुढचं बघतात. अंबूमावशींचा मुलगा शेखर पुण्याला नोकरीला, घरात सासू-सून दोघीच. त्यामुळं दिवाळी झाल्यावर एकदा सून स्नेहल डांगर आणि विळी घेऊन नानांकडं आली. नानांनी चीर दिली, आतला केशरी रंग पाहिला आणि प्रेमानं म्हणाले, "बरं हे हो. पण बाजारचं ते बाजारचंच. आमचं बघाल तेव्हा कळंल."

स्नेहल काहीतरी बोलणार होती. मग न बोलताच दोन्ही फोडी घेऊन गेली.

त्यानंतर आठवड्यानं बुवा आले. नानांनी धुतलेलं धोतर नेसून डांगर देव्हाऱ्यापुढं ठेवलं, हात जोडले आणि स्वतः चीर दिली. रंग असा, की बुवाही "वा" म्हणाले. नाना त्यांच्यासमोर जाऊन बसले. मंगलाबाईंनी अर्धं देव्हाऱ्याखाली ठेवलं, अर्ध्याच्या फोडी करून भाजी गॅसवर टाकली, आणि सालं, बिया, गाभा घेऊन मागं गेल्या. कोंबड्यांना म्हणाल्या, तुमचाही सण होऊ दे.

काबरी धावत आली. तिनं एक टोच मारली. मान झटकली. चोच मातीत इकडून तिकडून पुसली आणि तोंड फिरवून चालू लागली. दुसरी आली, तिनंही तेच केलं. सहाच्या सहा कोंबड्या पाठ करून उभ्या राहिल्या.

मंगलाबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. या कोंबड्यांनी नानांच्या चपलेचे अंगठे खाल्ले होते. दवाखान्याच्या फायलीचा कोपरा खाल्ला होता. त्या डांगराच्या बिया सोडतात म्हणजे वाळू खरं बोलला होता. आत कढईत भाजी शिजत होती. चाखायची नाही. वाढली तर बुवांच्या पोटात जहर, नाही वाढली तर नानांचं वचन गेलं. आणि ते वचन नाना वर्षभर औषधासारखं घेत होते.

त्यांनी गॅस बंद केला आणि भिंतीशी गेल्या.

"अंबूमावशी, तुमच्याकडं डांगर हे का? अख्खं, अर्धं, कसलंबी."

मावशींनी आधी इकडंतिकडं पाहिलं. "हे. पण नानांना सांगणार नाहीस ना?"

"काय नाय सांगायचं?"

"तुमच्या त्या मेल्या कोंबड्यांनी माझ्या तुळशीमागं बी पुरलं. वेल आला. मी रोज म्हणायची, उद्या उपटीन. मग पाच डांगरं धरली, आणि गोड अशी, काय सांगू. इतकं भांडल्यावर कोणत्या तोंडानं सांगायचं, की तुमच्याच कोंबड्यांचं खातोय?" मावशी आत गेल्या आणि फ्रिजमधून अर्धं डांगर घेऊन आल्या. "गेल्या आठवड्यात उघडलं. अर्धं आम्ही खाल्लं. चालंल का?"

"चालंल काय, धावंल, मावशी."

बुवा निवांत जेवले. दोनदा भाजी मागितली. नाना घास न घेता नुसते बघत होते आणि मधेच उपरण्यानं डोळे टिपत होते. मंगलाबाईंना वाटलं, सुटलो. तेवढ्यात बुवा हात धुताना म्हणाले, "नाना, एवढी चव मी वर्षात खाल्ली नाही. उरलेलं कच्चं असंल तर द्या बांधून. उद्या मंदिरात पंगत हे, दोन फोडी सगळ्यांच्या भाजीत टाकू."

नाना लगबगीनं उठले. देव्हाऱ्याखाली ठेवलेलं अर्धं डांगर त्यांनी उचललंही.

"ते ठेवा अहो," मंगलाबाई म्हणाल्या. "ते कडू हे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दारात येऊन उभ्या राहिलेल्या अंबूमावशींनी उरलेलं सांगितलं. नानांनी हातातलं डांगर खाली ठेवलं.

"म्हणजे स्नेहलनं आणलं ते..."

"पहिलंच होतं, नाना," मावशी म्हणाल्या. "पहिली चीर तुमच्याच हातची. बुवा जेवले ते त्याचंच अर्धं."

"मग मी चार महिने कुणाची लग्नं लावत होतो?"

बुवा इतके हसले, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग म्हणाले, "नाना, बी तुमच्या घरचं, खत तुमच्या कोंबड्यांचं, चीर तुमच्या हातची. माती तेवढी मावशींची. देवानं भिंत कधी पाहिली हे का? तुमचं वचन फिटलं. आणि चाखायचं नाही हा तुमचा नेम बरोबर होता. तुमच्यासाठी चाखणारी देवानं मागच्या अंगणात ठेवली होती."

त्या संध्याकाळी नानांनी मच्छरदाणी सोडली, कडू वेल मुळासकट काढला आणि मूठभर बाजरी घेऊन काबरीपुढं बसले. हात जोडून काहीतरी पुटपुटलेही. काबरीनं बाजरी खाल्ली आणि मग नव्या चपलेच्या अंगठ्याला चोच लावली. नानांनी पाय मागं घेतला नाही.

भिंतीची एक वीट आता काढलेली आहे. कोंबड्यांना बरं पडतं, आणि भाजीची वाटी द्यायलाही. तुमच्या ताटात कधी गोड डांगर पडलं, तर वाढणाऱ्या हाताला नमस्कार कराच. पण एक शीत बाजूला काढून काबरीचीही आठवण ठेवा. आता ती म्हातारी झाली आहे, अंडी देत नाही, आणि तिला विकायचं किंवा कापायचं नानांच्या घरात कोणी नावही घेत नाही.